हँडलवरचा सदरा

आमच्या घरातला टेलिफोन आमचा नव्हता. आनेकलच्या पुढे चिंचोक्यांची पूड करणारा एक कारखाना होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे फोरमन होते, आणि अवेळी काही मोडले तर त्यांना बोलावता यावे म्हणून मालकाने मल्लेश्वरममधल्या आमच्या भाड्याच्या घरात तो काळा फोन बसवून दिला होता. स्वयंपाकघराला लागून असलेल्या बोळात, तिवईवर तो असे. त्यातून चांगली बातमी आल्याचे मला आठवत नाही. पट्टा तुटला, बेअरिंग जळले, एकदा एका मजुराचा हात मनगटापासून गेला. घंटी वाजली की आई हातातले काम तसेच टाकून भिंतीला टेकून उभी राही आणि अण्णा ‘हं’, ‘हं’, ‘सरी’, म्हणजे ठीक, एवढेच बोलून पायात चपला सरकवीत. अण्णा कामावर असताना तो वाजला तर मात्र त्याला कुणी लवकर हात लावीत नसे. अक्का, माझी मोठी बहीण, मला पुढे ढकली आणि मी आईकडे पाही. माणूस कशाकशाला भितो याची यादी करण्यात अर्थ नाही; आमच्या घरात भीतीला जागा ठरवून दिलेली होती, ती तिवईवर होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आमचे पूर्वज कुणाच्या तरी फौजेबरोबर इकडे, कन्नड मुलखात, आले आणि परत जायचे विसरले, असे अण्णा सांगत. त्यांच्या विनोदाची मजल तिथवरच होती. पहाटे हुळी-भाताचा डबा घेऊन ते निघत, दोन बस बदलून कारखान्यात पोचत आणि दिवेलागणीनंतर परत येत. ते फाटकाशी आले की आधी वास येई. भाजलेल्या चिंचोक्यांचा, किंचित करपट, किंचित गोडसर. तो त्यांच्या खाकी सदऱ्यात मुरलेला होता. चिंचोक्याच्या पुडीला पाणी लागले की तिची खळ होते. गिरण्यांत सुताला लावतात तीच. त्यामुळे तो सदरा आई निराळा भिजवी, दोनदा चोळी, तरी वाळला की पुठ्ठ्यासारखा ताठ होई. दोरीवरून काढून जमिनीवर टेकवला तर क्षणभर स्वतःच्या बळावर उभा राही. ‘आई, अण्णा आले बघ, नुसते डोके विसरलेत,’ असे अक्का म्हणे. आई हसत नसे. ‘शुभ बोल स्वल्प,’ एवढे म्हणून ती सदऱ्याची घडी घाली.

त्या सदऱ्याचे कारखान्यात निराळे काम होते. चिंचोके भाजण्याचा तिथला ड्रम आमच्या माजघराएवढा होता. आडवा, लोखंडी, आतून पाती लावलेला. तो फिरू लागला की चिंचोके वर चढत आणि खाली कोसळत. कधी पाती वाकत, कधी चिंचोके अडकून गठ्ठा होई. मग ड्रम थांबवून, निवू देऊन, बाजूचे झाकण उघडून आत शिरावे लागे. आत शिरत ते अण्णाच. दुसऱ्या कुणाला ते पाठवीत नसत. शिरण्यापूर्वी ते अंगातला सदरा काढून, ड्रम चालू करणाऱ्या भिंतीवरच्या स्टार्टरच्या हँडलवर टांगीत. आत उकाडा असे म्हणून सदरा काढायचा आणि काढलाच आहे तर हँडलवर टांगायचा, इतके ते साधे होते. पण पुढे तो कारखान्याचा कायदा झाला. लहानपणी एकदा त्यांचा विसरलेला डबा घेऊन मी गेलो होतो. ड्रम गप्प होता, मजूर भिंतीपासून दूर बसले होते, आणि हँडलवर तो सदरा लटकत होता. मी त्याच्याकडे जाऊ लागलो तसे एकाने माझे मनगट धरले. ‘अण्णा ओळगे इद्दारे,’ तो हलक्या आवाजात म्हणाला. अण्णा आत आहेत. देवळात बोलतात तसे. मालकसुद्धा सदऱ्याला हात लावीत नसे.

माझे शिक्षण संपले आणि मी मूर्तींच्या लहानशा कंपनीत लागलो. मूर्ती कन्नड माणूस. वयाने माझ्याहून फार मोठे नव्हते, पण केस लवकर गेलेले आणि घाई उपजत. यंत्रांना संगणक जोडून देण्याचे आमचे काम. अण्णांच्या मालकाला मूर्तींनी पटवले आणि त्या ड्रमला संगणक जोडला गेला. ड्रमची उष्णता, वेग, झाकण उघडे की मिटलेले, हे सगळे कारखान्यातल्या पडद्यावर चित्रात दिसू लागले, आणि चित्रातले बटण दाबले की ड्रम चालू किंवा बंद होऊ लागला. भिंतीवरचे हँडल तसेच राहिले, पण आता ड्रमला दोन मालक झाले. मग मालकाच्या मनात आले की तो पडदा शहरात बसूनही दिसावा. मूर्ती म्हणाले, दिसेल. टेलिफोनच्या तारेवरून दिसेल.

कंपनीच्या फोनला सदा खरखर असे. आमच्या भागातले एक्स्चेंज नवे होते, तार स्वच्छ होती. म्हणून संगणक आणि त्याला तारेशी जोडणारी डबी, मोडेम, आमच्या पुढच्या खोलीत आले. आईने मोडेमला कुंकू लावले. तो जोडला जाताना जो कर्कश आवाज करी त्याची तिने धास्ती घेतली होती. जात्यात खडा आल्यासारखे होते, ती म्हणे. अक्काला मात्र फावले. ‘सासरचा फोन लागला वाटतं,’ ती स्वयंपाकघरातून ओरडे. ‘केवढी किंचाळते रे तुझी बायको! आमच्याशी एक शब्द बोलत नाही ती?’ बोळातला फोन आणि मोडेम एकाच तारेवर होते. मध्येच कुणी रिसीव्हर उचलला की जोडणी तुटे आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून करावे लागे. एकदोनदा आईने उचलला, तेव्हा मी काम सुरू करण्यापूर्वी फोनवर पंचा टाकू लागलो. पंचा आहे तोवर फोनला हात लावायचा नाही. कुणी मला हे शिकवले नव्हते. निदान तेव्हा मला तसे वाटे.

आजच्या वाचकाला त्या चित्राची कल्पना द्यायला हवी. ते एकदम उमटत नसे. वरून खाली उतरे. शेणाने जमीन सारवताना एकेक पट्टा पुढे सरकतो तसे. वरचा पट्टा आला की थांबे, मग दुसरा, मग बराच वेळ काही नाही. खालची कड येईपर्यंत वरचे शिळे झालेले असे. पडद्यावर दिसते ते आत्ताचे नव्हे, मघाचे, हे सतत मनाला बजावावे लागे. आणि दुसरी गोष्ट याहून वाईट होती. इथे माउसचे बटण दाबले की तो दाब तारेवरून तिकडे जाई. तार अडखळली असली तर मोडेम तो पोटात धरून ठेवी आणि वाट मोकळी झाली की पोचता करी. दाब फुकट जात नसे. आपण दाबलेले असे जुन्या चित्रावर. ते पडे तिकडे त्या घटकेला जे असेल त्यावर. म्हणून काही घडले नाही तरी दुसऱ्यांदा दाबायचे नाही, हात मांडीवर ठेवून थांबायचे, हा आमच्या कामातला पहिला धडा. मूर्तींनीच तो मला दिला होता.

शिवाय बोलणे आणि पाहणे एका वेळी होत नसे. तार एकच. कारखान्यातही एकच. फोनवर बोलायचे तर चित्र नाही, चित्र पाहायचे तर बोलणे बंद.

ज्या दिवशी मालकाला इथून ड्रम चालू करून दाखवायचा होता, त्या सकाळी मूर्ती आमच्या घरी आले. आईने त्यांना चित्रान्न वाढले. त्यांनी दोनदा मागून घेतले. मालक कारखान्यातल्या आपल्या कचेरीत बसून होते. मी कारखान्यात फोन केला. तिकडच्या कारकुनाने सांगितले, ड्रम रिकामा आहे, थंड आहे, सगळे तयार आहे. मी फोन ठेवला, पंचा टाकला आणि मोडेम लावला. जोडणी पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदाही नाही. मूर्ती खोलीत येरझारा घालत होते. अखेर लागली आणि चित्र उतरू लागले.

‘ऊठ, आज मी बसतो,’ मूर्ती म्हणाले. मी उठलो.

वरच्या पट्ट्यात उष्णता आली. मग वेग, शून्य. मग डाव्या बाजूला ‘चालू’ हे बटण. झाकणाचा दिवा सर्वांत खाली होता. तो मीच तिथे ठेवला होता. जागा तिथेच उरली होती. मूर्तींनी खालच्या पट्ट्यांची वाट पाहिली नाही. त्यांनी बटण दाबले.

काही झाले नाही. मोडेमवरचा एक दिवा लुकलुकायचा थांबला. तार अडखळली होती.

‘सर, थांबा,’ मी म्हणालो.

‘अरे, लागलंच नाही ते. तिकडे मालक घड्याळाकडे बघतायत,’ ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा दाबले. मग आणखी एकदा. मग बोटाने टकटक करावी तसे.

दिवा लुकलुकला. शेवटचा पट्टा उतरला. झाकणाचा दिवा लाल होता.

झाकण उघडे. कारखान्यात रिकाम्या, थंड ड्रमचे झाकण एकाच कारणासाठी उघडत आणि त्यातून एकच माणूस आत जाई. ड्रम उघड्या झाकणाने कधी कधी थोडा फिरवावा लागे, उरलेला माल पाडण्यासाठी. म्हणून आम्ही तशी सोय ठेवली होती. झाकण उघडे असताना बटण दाबले तर एक पाटी येई: झाकण उघडे आहे, तरीही चालू करायचे? खाली ‘होय’ आणि ‘नाही’. ती पाटी उमटे ती अशी की ‘होय’ नेमके ‘चालू’च्या जागी येई. पहिल्या दाबाने पाटी. दुसऱ्या दाबाने होय. आणि दुसरा दाब, तिसरा, त्याच्या मागचे सगळे, आमच्या पुढच्या खोलीत कुंकू लावलेल्या त्या डबीत आनेकलला जाण्यासाठी थांबले होते. मोडेमचा दिवा पुन्हा विझला होता. तो कोणत्याही क्षणी लुकलुकला असता.

स्वयंपाकघरात अक्का काहीतरी गुणगुणत होती. पाट्यावर वरवंटा फिरत होता. मला एवढे ऐकू आल्याचे आठवते. मी वाकलो आणि भिंतीतून तार उपटली.

‘एन् माड्दे, माधव!’ मूर्ती ओरडले. काय केलेस हे! ‘महामुश्किलीने लागलं होतं!’

मी पडद्यावरच्या लाल ठिपक्याकडे बोट दाखवले. जोडणी तुटली तरी शेवटचे चित्र पडद्यावर राहत असे. मूर्तींनी पाहिले. मग त्यांनी माउसवरचा हात उचलला आणि तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा हवेत धरला. ‘आत कोण?’ त्यांनी विचारले. त्यांना माहीत होते. ‘मी आत्ता त्यांच्या घरचं जेवलो,’ ते म्हणाले.

तार पुन्हा भिंतीत बसेना. बसली तसा मी बोळात गेलो, पंचा काढला आणि कारखान्याचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. तिकडचा मोडेम अजून आमची वाट पाहत फोन अडवून बसला होता. मी ठेवत होतो आणि फिरवत होतो. दाब पोचले की तारेतच मेले, हे सांगणारे त्या आवाजात काही नव्हते. ड्रमची पाती कशी असतात ते मी पाहिले होते. आई दारात आली. हात वाटणाने भरलेले.

‘काय झालं रे?’

‘काही नाही. लाइन लागत नाही.’

तिने माझ्याकडे पाहिले, मग फोनकडे, आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. अक्काचे गुणगुणणे थांबले; तीही आली, मूर्तीही. मी फोन खाली ठेवला, कारण माझा फोन चालू असला तर तिकडून येणारा लागणार नाही, हे तेवढ्यात सुचले. मग आम्ही चौघे त्या फोनकडे पाहत उभे होतो. आयुष्यात अनेक खोल्यांत अनेक बातम्यांची वाट पाहिली, इस्पितळातही पाहिली. त्या बोळातल्या वाट पाहण्याशी त्यातल्या कशाचीही तुलना होत नाही.

फोन वाजला. मी उचलला.

‘माधू का?’ अण्णांचा आवाज होता. ‘मालक विचारतायत, जोडणी कुठे गेली?’

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

‘अरे, ऐकतोयस ना? ड्रमात होतो मी. एक पातं घासत होतं, म्हटलं तुमच्या तमाशाच्या आधी बघून घ्यावं. आत्ता बाहेर आलो तर इथे ही गडबड. आणि हे बघ, इथल्या पडद्यावर एक पाटी उभी आहे म्हणतात. होय की नाही विचारते आहे. काय सांगू?’

पहिला दाब पोचला होता.

‘नाही सांगा,’ मी म्हणालो. ‘अण्णा, नाही म्हणून सांगा.’

‘सरी,’ ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

‘अण्णांचा होता,’ मी आईला सांगितले. ती वाटणाकडे परत गेली. मूर्तींनी पाणी मागितले, पेला हातात धरून बराच वेळ बसले आणि न पिताच गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आनेकलला जाऊन मालकाला सांगितले की ड्रम आता इथून फक्त दिसेल, चालणार नाही. चालवण्याचे बटण त्यांनी माझ्याकडून काढवून घेतले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्या संध्याकाळी अण्णा नेहमीच्या वेळी आले. हातपाय धुऊन पानावर बसले. त्यांना सगळे कळले होते. ती पाटी काय विचारत होती हे कळायला फोरमनला किती वेळ लागणार? त्यांनी भात संपवला. मग ताक ओतून घेता घेता म्हणाले, ‘घरातल्या फोनवर पंचा टांगतोस.’

‘हो.’

‘तुझ्या पडद्यावर माझा सदरा दिसतो का?’

मी नाही म्हणालो. ते ताक प्यायले. विषय संपला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्टार्टरच्या हँडलला एक आकडा बसवला. सदऱ्याचे वजन पडले की आकडा खाली जाई आणि आतला खटका दबे. त्याची तार त्यांनी माझ्या हाती दिली. मी ती संगणकाला जोडली, खटका दबलेला असेपर्यंत ड्रम कुठूनही चालू होणार नाही अशी व्यवस्था केली, आणि चित्रात एक सदरा काढला. लहानसा, खाकी, दोन बाह्या पसरलेला. तो मी अगदी वर डावीकडे ठेवला, म्हणजे पहिल्या पट्ट्यातच उतरेल. बाकीचे चित्र मागाहून येवो.

यामुळे माझी भीती कमी झाली, असे समजू नये. पूर्वी अण्णा ड्रममध्ये केव्हा असतात हे मला माहीत नसे. आता दिसू लागले. काम करता करता कोपऱ्यात सदरा उमटे आणि मी हात मांडीवर ठेवून बसे, तो पुसला जाईपर्यंत. दाबायला बटण उरले नव्हते, तरीही. रात्री पानावर ते विचारीत, ‘दिसला?’ मी म्हणे, ‘दिसला.’ आमच्यात याहून अधिक बोलणे क्वचितच झाले असेल. आज घरातली मुले बोटाच्या एका स्पर्शाने जगाच्या पलीकडची खोली पाहतात आणि चित्र क्षणभर अडले तर काचेवर दहादा बोट आपटतात. मी खोलीतून उठून जातो. लिफ्टचे बटणही मी दुसऱ्यांदा दाबत नाही.

एक दिवस सदरा उमटला आणि जोडणी तुटली. पुन्हा लावून पाहिली. आनेकलच्या बाजूचे फोन मेले होते, ते नेहमीच मरत. पडद्यावर शेवटचे चित्र राहिले. कोपऱ्यात सदरा टांगलेला. ते मघाचे आहे, आत्ताचे नव्हे, हे मला माझ्या धंद्याने शिकवले होते. मी संगणक बंद करू शकलो नाही. आईने जेवायला हाक मारली, मी भूक नाही म्हणालो. अक्काने येऊन पडद्याकडे पाहिले, थट्टा करायला तोंड उघडले आणि ती स्वयंपाकघरात परत गेली. दिवेलागण झाली. आईने देवापाशी निरांजन लावले. मी त्या खाकी ठिपक्यासमोर बसून होतो.

फाटकाची कडी वाजली. चपला काढल्याचा आवाज. मग वास आला, करपट आणि गोडसर, आणि माझ्या खुर्चीच्या मागे थांबला. मी मान वळवली नाही. अण्णा वाकले. ताठ झालेल्या सदऱ्याची बाही माझ्या कानाला घासली. पडद्याकडे त्यांनी पाहिले.

‘अजून आतच आहे का मी?’ ते म्हणाले.

मी पडदा बंद केला. आई पाने घेत होती.